‘पाणबुड्यांनी फोडली’ म्हणजे नक्की कोणी फोडली?

प्रश्न असा आलाय: रशियातून जर्मनीला गॅस नेणाऱ्या आणि २०२२ मध्ये स्फोट होऊन फुटलेल्या बाल्टिक समुद्रातल्या नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइनबद्दल मराठीत जिथे वाचावं तिथे ‘घातपात’ शब्द दिसतो, पण तिथे माणूस तर कोणी मेला नाही, मग घातपात कसला? सॅबोटाजला दुसरा बरा मराठी शब्द नाही का? आणि पाइपलाइन ‘फुटली’ लिहायचं की ‘फोडली’?

शंका रास्त आहे. घातपात म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर आधी ‘विहिरीत मृतदेह, घातपाताचा संशय’ ही बातमी येते, म्हणजे सरळ सरळ खून. पण रेल्वे रुळावरून घसरली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘घातपाताची शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य ठरलेलं असतं की नाही, तिथे कोणी दगावलेलं नसलं तरी चालतं, कोणीतरी गुपचूप आणि ठरवून केलं एवढंच त्यातून सांगायचं असतं. सॅबोटाजमध्येही हेच दोन गुण लागतात, गुपचूप आणि ठरवून. त्यामुळे शब्द चुकलेला नाही. फक्त एक लक्षात ठेवा, घातपात म्हटलं की हेतू होता हे तुम्ही आधीच मान्य केलं, कर्ता कोण हा प्रश्न तेवढा शिल्लक राहिला.

दुसरे शब्द बघून झालेत माझे. तोडफोड ही दिवसाढवळ्या असते, जमाव येतो, बसच्या काचा फुटतात, कोणी लपत नाही, उलट व्हिडिओ काढतात. मोडतोड त्याहून घरगुती. ‘विध्वंसक कृत्य’ सरकारी फायलीत शोभतं. एकाच जागी मात्र घातपात अजिबात चालत नाही, ती म्हणजे लाक्षणिक अर्थ. ऑफिसात कोणी तुमचं प्रेझेंटेशन सॅबोटाज केलं तर ‘माझा घातपात झाला’ म्हणून बघा, लोक अँब्युलन्स बोलावतील. तिथे आपल्याकडे ‘सुरुंग लावला’ आहे, ‘खोडा घातला’ आहे. गंमत म्हणजे नॉर्ड स्ट्रीमला सुरुंग लावला हे वाक्य शब्दशः पण खरं आणि लाक्षणिक पण खरं.

(सॅबोटाज शब्दाची ती प्रसिद्ध कथा, कामगारांनी लाकडी बूट म्हणजे साबो मशीनमध्ये फेकले वगैरे, तिला पुरावा नाही. फ्रेंचमध्ये त्या क्रियापदाचा अर्थ नुसता धसमुसळेपणाने काम बिघडवणं असा होता. कथा छान आहे म्हणून फिरत राहते.)

आता फुटली की फोडली, मला यातच जास्त रस आहे. २६ सप्टेंबर २०२२ ला रात्री दोनच्या सुमारास डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटाच्या आग्नेयेला पहिला धक्का बसला आणि संध्याकाळी सातच्या सुमारास बेटाच्या ईशान्येला दुसरा. पहिल्या बातम्या होत्या त्या दाब उतरल्याच्या आणि गळतीच्या. गळती म्हटलं की काय, गळतं ते, आपल्या सोसायटीची टाकी पण गळते, त्यात कोणाचा हात असावा लागत नाही. मग स्वीडनच्या भूकंपमापकांवरच्या नोंदी आल्या, तज्ज्ञ म्हणाले हा भूकंप नाही, स्फोट आहे, आणि नोव्हेंबरमध्ये स्वीडनच्या सरकारी वकिलांनी सांगितलं की तिथे स्फोटकांचे अंश सापडलेत. म्हणजे दोन महिन्यांत आपण ‘गळती’वरून ‘फुटली’वर आणि ‘फुटली’वरून ‘फोडली’वर आलो. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, उ चा ओ केला की मागे माणूस उभा राहतो. स्वर एक बदलतो आणि गुन्हा दाखल होतो! (आणि ‘स्फोट’ हा शब्द पण त्याच ‘स्फुट्’ धातूचा, म्हणजे फुटली आणि स्फोट सख्खेच.)

‘फोडली’मध्ये आणखी एक सोय आहे जी आपण रोज वापरतो पण आपल्या लक्षात येत नाही. ‘रशियाने पाइपलाइन फोडली’, ‘अमेरिकेने पाइपलाइन फोडली’, ‘सहा जणांनी पाइपलाइन फोडली’, क्रियापद तिन्हीकडे तेच, कारण कर्मणी प्रयोगात ते पाइपलाइनच्या मागे जातं, कर्त्याकडे बघतच नाही. त्यामुळे कर्ता काढून टाकला तरी ‘पाइपलाइन फोडली’ हे धडधाकट वाक्य उरतं, पुढची खुर्ची तेवढी रिकामी. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वीडनने आधी तपास बंद केला, आपल्या अधिकारक्षेत्रात हे बसत नाही म्हणून, आणि महिन्याच्या शेवटी डेन्मार्कनेही केला, तेव्हा डेन्मार्कचं म्हणणं असं होतं की हे जाणूनबुजून केलेलं आहे पण आमच्याकडे फौजदारी खटला चालवण्याइतका आधार नाही. हेच सगळं मराठीत दोन शब्दांत, ‘पाइपलाइन फोडली’. ते ‘फोडली गेली’ लिहू नका हो, कानाला इंग्रजी लागतं आणि मिळत काहीच नाही.

पण खरी मजा ‘पाणबुड्यांनी’मध्ये आहे. पाण्यात बुडी मारणारा माणूस तो पाणबुड्या, अनेकवचन पाणबुडे. आणि ती लोखंडी बोट म्हणजे पाणबुडी, अनेकवचन पाणबुड्या. विभक्ती लावली की दोघांचं ‘पाणबुड्यांनी’च होतं! एकवचनात फरक राहतो, पाणबुड्याने आणि पाणबुडीने, अनेकवचनात पुसला जातो. एरवी कोणाचं काही बिघडत नाही, पण या प्रकरणात नेमका वाद तोच आहे. जर्मन तपास सांगतो की जर्मनीतल्या रोस्टोकहून ‘अँड्रोमेडा’ नावाची शिडाची बोट भाड्याने घेतली गेली, त्यावर बनावट पासपोर्टवाले लोक होते, बोटीत स्फोटकांचे अंश मिळाले, म्हणजे पाणबुडे. दुसरीकडे डेन्मार्कने मान्य केलं की स्फोटांच्या चार दिवस आधी रशियाचं एसएस-७५० नावाचं जहाज त्या भागात दिसलं होतं आणि ते जहाज छोटी पाणबुडी घेऊन फिरतं, म्हणजे पाणबुड्या. तिथे खोली ७०-८० मीटर, हौशी डायव्हर साधारण ४० मीटरला थांबतात, शिवाय पाइप म्हणजे पोलादावर काँक्रीटचा जाड थर, तेव्हा पाणबुडे असले तरी सुट्टीत मालवणला जाऊन शिकलेले नव्हेत. असो, तुम्ही लिहिताना ‘डायव्हरनी’ किंवा ‘सबमरीनने’ असं सरळ लिहा. शुद्धतेचा हट्ट इथे महागात पडेल.

मग अंदाज कसा लिहायचा, तर त्यासाठी मराठीत वेगवेगळ्या तापमानाची भांडी आहेत. ‘फोडली असेल’ म्हणजे कोणास ठाऊक. ‘फोडली असावी’ म्हणजे काहीतरी धागा हातात आहे. ‘फोडली असणार’ म्हणजे बोलणाऱ्याची खात्री आहे पण पुरावा मागू नका. आणि ‘फोडली म्हणे’ म्हणजे ऐकलं ते सांगतोय, जबाबदारी माझी नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सेमूर हर्श या अमेरिकन पत्रकाराने लिहिलं की अमेरिकन नौदलाच्या डायव्हरनी नॉर्वेच्या मदतीने हे केलं, मुख्य आधार एक निनावी सूत्र, अमेरिकेने साफ नाकारलं. तर हे ‘म्हणे’च्या घरातलं. याला ‘गौप्यस्फोट’ म्हणणं मला पटत नाही, कारण गौप्यस्फोट म्हटलं की गुपित खरंच होतं आणि ते फुटलं असं आपण कबूल करून बसतो. ‘दावा’ म्हणा. रशियाने ब्रिटिश नौदलाकडे बोट दाखवलं तोही दावा, तोही नाकारला गेला.

अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन ७ फेब्रुवारी २०२२ ला म्हणाले होते की रशियाने युक्रेनवर हल्ला केला तर नॉर्ड स्ट्रीम २ (म्हणजे दुसरी, नवी पाइपलाइन) राहणार नाही, त्याला बरेच जण कबुलीजबाबच समजतात. पण २६ ला पाइप फुटले आणि २७ ला पोलंडमध्ये नॉर्वेचा गॅस आणणाऱ्या नव्या बाल्टिक पाइपचं उद्घाटन झालं, म्हणून मग पोलंडलाच धरायचं का? कावळा बसायला आणि फांदी तुटायला. कोणाचा फायदा एवढ्यावरून ‘असेल’च्या पुढे जाता येत नाही. जर्मनीची बाजू आता ‘असावी’पर्यंत आली आहे असं मला वाटतं: ऑगस्ट २०२५ मध्ये इटलीत एक युक्रेनी माणूस पकडला आणि नोव्हेंबरमध्ये जर्मनीच्या ताब्यात दिला, पोलंडमध्ये पकडलेल्या दुसऱ्याला पाठवायला मात्र तिथल्या कोर्टाने नकार दिला. युक्रेन सरकार आपला संबंध नाही म्हणतं. तेव्हा या लोकांना संशयित लिहा, ‘गुन्हेगार’ नको. आणि ‘युक्रेनी माणसांनी’ व ‘युक्रेनने’ यातही जमीन-अस्मानाचा फरक आहे, घाईत तो गिळू नका.

जाता जाता ‘ने’ बद्दल. ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंड-एस्टोनियामधली बाल्टिककनेक्टर पाइपलाइन तुटली, तिथे समुद्रतळावर फरपटल्याची लांब खूण होती आणि टोकाला सहा टनांचा नांगर सापडला, हाँगकाँगमध्ये नोंदलेल्या एका मालवाहू जहाजाचा. (आपल्याकडे जहाजाचा आणि शेतातला नांगर एकच, आणि इथे त्याने खरंच तळ नांगरला.) पुढे चीनने सांगितलं की वादळात झालेला अपघात आहे. आता ‘नांगराने पाइपलाइन तोडली’ हे वाक्य घ्या. माणसाला लागतो तोच ‘ने’ हत्यारालाही लागतो, त्यामुळे वाक्य पूर्ण वाटतं, कर्ता मिळाल्यासारखा वाटतो, आणि नांगर सुटला की सोडला हे विचारायचं राहूनच जातं.