जुन्या गाडीतच राहून महिनाभर मराठवाडा फिरायचाय, कमी खर्चात गाडी कशी तयार करू?

मागचं सीट दुमडून त्यावर प्लायवूडची फळी टाका. खाली डबे-कपडे, वर घरची जुनी गोधडी. फोमची गादी नकोच, एप्रिल-मेमध्ये पाठीखाली घामानं ओली होते. खिडक्यांना मच्छरदाणीचं कापड दाराच्या पत्र्यावर चुंबकानं बसवा आणि गाडी कडुलिंबाखाली लावा, पण सावली दुपारी कुठं सरकते ते बघून.

एक हात जोडून सांगतो: इंजिन चालू ठेवून एसीत झोपू नका. इंजिनाच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, जाग येतच नाही.

पाण्याचा २० लिटरचा जार दिसेल तिथं भरा. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आंघोळ-धुण्यासाठी मधूनमधून तुळजापूर, परळीच्या भक्तनिवासात खोली घ्या.