रात्री जागे कोण असते?

वाचकांचे प्रश्न : घरातील वृद्धांची शुश्रूषा

प्रश्न : माझी आई ७९ वर्षांची असून देवगड तालुक्यातील गावच्या घरी एकटी राहत होती. गेल्या मार्गशीर्षात पडवीची पायरी उतरताना ती पडली, खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. आता ती वॉकर धरून थोडी चालते. तिला मधुमेह आहे, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते आणि अलीकडे विसरायलाही होते. आम्ही दोघे भावंडे डोंबिवली आणि पनवेल येथे नोकरी करतो. आमच्या दोघांच्याही इमारतींना लिफ्ट नाही आणि आईला गावापासून लांब जायचे नाही. कणकवली आणि कुडाळच्या बाजूची तीन केंद्रे आम्ही पाहून आलो. तिन्हीकडे ‘नर्सिंग होमसारखी काळजी’ मिळेल असे सांगतात. जागा स्वच्छ आहेत, माणसे गोड बोलतात. निवड कशाच्या आधारे करावी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ताई, ‘नर्सिंग होमसारखी’ हे शब्द आपण जसेच्या तसे लिहिलेत हे बरे केलेत, कारण पहिली गफलत तेथेच होते. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचे छोटे खासगी रुग्णालय. त्याची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते आणि नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागी लावणे बंधनकारक असते. आपण पाहिलेल्या केंद्रांच्या भिंतीवर असे प्रमाणपत्र आहे, की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालील न्यासाची (ट्रस्टची) नोंद आहे, हे वाचून पाहावे. न्यासाची नोंद खोटी नसते, परंतु तिच्यावरून संस्था कागदोपत्री अस्तित्वात आहे एवढेच कळते. आपल्या आईला इन्सुलिन कोण टोचणार, हे तिच्यावरून कळत नाही. पांढरा गणवेश घातलेली प्रत्येक स्त्री परिचारिका नसते. जीएनएम किंवा एएनएम हे परिचर्येचे अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या परिचारिकेची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते आणि तो क्रमांक विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. मावशी आणि मामा, म्हणजे आया आणि वॉर्डबॉय, मनापासून सेवा करतात, किंबहुना अंथरुणावरच्या माणसाचे बहुतेक सगळे तेच करतात. परंतु साखर घसरली आहे की आजी नुसत्या पेंगत आहेत, हे ओळखण्याचे शिक्षण त्यांना मिळालेले नसते.

परिसेविका (वॉर्डाची प्रमुख परिचारिका) म्हणून मी अनेक वर्षे रात्रपाळ्यांचे नियोजन केले आणि त्याआधी स्वतः रात्रपाळ्या केल्या. त्यावरून माझे ठाम मत असे झाले आहे की अशा जागेची पारख तिच्या रात्रीवरून करावी. दिवसा मालक असतात, डॉक्टर येऊन जातात, नातलगांची वर्दळ असते. रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत जो कर्मचारी असतो तोच सर्व काही असतो. म्हणून विचारावे की एकूण वृद्ध किती, त्यांतील किती जणांना उचलून बसवावे लागते, रात्री ड्यूटीवर किती माणसे असतात आणि ती जागी असतात की व्हरांड्यात चटई टाकून झोपतात. ‘चोवीस तास स्टाफ आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. मागील महिन्याचा ड्यूटी चार्ट दाखवा म्हणावे. दिवसभर स्वयंपाक आणि धुणे करणारी बाईच त्या तक्त्यात रात्रीही दिसत असेल, तर ती झोपणार. त्यात तिचा दोष नाही; पण आपली आई दोन वाजता घंटी वाजवील तेव्हा कोणी येणार नाही आणि ती एकटीच उठेल. एका खुब्याचे हाड मोडलेले माणूस दुसऱ्यांदा पडते ते बहुतेक अशाच वेळी, खाट आणि संडास यांच्या मधल्या अंतरात. ते अंतर स्वतः चालून मोजा. घंटी झोपलेल्या माणसाच्या हाताला लागते का, वाटेत रात्रभर दिवा असतो का, खाटेशेजारी कमोडची खुर्ची ठेवता येते का, संडासात धरायला दांडा आहे का आणि तो भिंतीत घट्ट बसवलेला आहे का, हे पाहावे. आपल्याकडे जुन्या चिरेबंदी घरांची केंद्रे झालेली असतात. तेथे उंच उंबरठा आणि जांभ्याच्या पायऱ्या ही मोठी अडचण असते, कारण पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि वॉकरचे रबर घसरते.

आता दुसऱ्यांदा जाल तेव्हा आधी न कळवता आणि संध्याकाळी जेवणाच्या वेळी जावे. बैठकीच्या खोलीत नीटनेटक्या बसलेल्या आजी-आजोबांशी अवश्य बोला, परंतु पाहायचे ते सर्वांत शेवटच्या खाटेवरच्या, बोलू न शकणाऱ्या माणसाकडे. त्याची नखे कापलेली आहेत का, जीभ कोरडी पडली आहे का, पाण्याचे भांडे त्याच्या हाताच्या टप्प्यात आहे की खिडकीत? त्याला भरवताना उठवून बसवतात, की आडव्यानेच तोंडात पेज ओततात? आडव्या माणसाला घाईने भरवले की अन्नाचा अंश श्वासनलिकेत जातो आणि न्युमोनिया होतो. मधुमेहाच्या रुग्णाबाबत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. संध्याकाळची गोळी दिली आणि जेवण मात्र दोन घासांवर थांबले, तर रात्री साखर उतरते. तेव्हा येणारा घाम आणि बडबड ‘आजींचा विसराळूपणा’ म्हणून सोडून दिली जाण्याचा धोका असतो, आणि आपल्या आईला विसरण्याचा त्रास आहेच. ग्लुकोमीटर कोठे ठेवतात आणि रात्री तो वापरता कोणाला येतो, हे विचारून घ्या.

अंथरुणातील जखमांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण याची किंमत माझ्या घराने मोजलेली आहे. माझ्या आत्याला आम्ही एका केंद्रात ठेवले होते. फरशी लख्ख होती, अंगणात तुळशीवृंदावन होते आणि मी स्वतः या व्यवसायातील असूनही ते पाहून निश्चिंत झाले. दीड महिन्याने तिला कुशीवर वळवले तेव्हा माकडहाडावर हाताचा पंजा मावेल एवढी जखम होती. ती शेवटपर्यंत भरली नाही. त्या दीड महिन्यात मी तिच्याशी चार वेळा बोलून आले होते आणि एकदाही चादर उचलून पाहिली नव्हती. ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते, रात्रीसुद्धा, आणि त्याची नोंद वेळ घालून ठेवावी लागते. माकडहाड, टाचा आणि खुबे या तीन जागा दर भेटीत पाहाव्यात. लालसर डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल, तर ती जखमेची सुरुवात समजावी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तेथे भोवतालच्या कातडीपेक्षा काळपट, गरम किंवा टणक भाग हाताने चाचपून शोधावा लागतो. ‘सध्या आपल्याकडे किती जणांना अशा जखमा आहेत आणि त्यांतील किती येथे आल्यावर झाल्या?’ हा प्रश्न व्यवस्थापकांना विचारा. ज्याच्याकडे खरोखर नोंदी आहेत तो वही उघडतो. ‘आमच्याकडे असे कधीच होत नाही’ असे म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

कोकणात राहून पावसाचा विचार न करता अशी जागा ठरवू नये. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ आणि मे २०२१ मधले तौक्ते यांच्यानंतर किनाऱ्यावरील कितीतरी गावांत अनेक दिवस वीज नव्हती. वीज गेली की अंथरुणातील जखमा टाळणारी हवेची गादी बंद पडते, प्राणवायूचे यंत्र थांबते, पंपाचे पाणी संपते आणि फ्रीजमधील इन्सुलिनचा साठा तापतो. जनरेटर आहे असे सांगितले तर तो आपल्यासमोर चालू करून दाखवायला सांगावे आणि डिझेल किती तासांचे असते हेही विचारावे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये पाणी कोठवर चढले ते आपण सर्वांनी पाहिले आहे; नदी-खाडीकाठच्या केंद्रात उठू न शकणारी माणसे तळमजल्यावर असतील, तर त्यांना वर कसे आणि कोण नेणार, हे ठरलेले असले पाहिजे. आगीचेही तसेच. खिडक्यांना गज आणि रात्री दाराला बाहेरून कुलूप अशी स्थिती दिसली, तर किल्ली कोणाकडे असते ते विचारा. अग्निशमन यंत्रणा असलेल्या इमारतीच्या मालकाला ती चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते; त्याची ताजी प्रत मागावी.

अवघड प्रसंगी १०८ ला फोन कोण करणार आणि रुग्णाला कोठे नेणार, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात की थेट बांबोळीला, गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, हेही आधीच लिहून ठेवावे. मुंबईतून मुलाचा फोन लागेपर्यंत रुग्णाला दारात थांबवून ठेवणारी केंद्रे मी पाहिलेली आहेत. निर्णय घेण्याचा अधिकार, रुग्णवाहिकेत सोबत जाणारा माणूस आणि पहाटे लागणारे पैसे यांची सोय कागदावर असू द्या.

एवढे सगळे पाहिल्यावर दोन जागा सारख्याच वाटल्या, तर आईच्या ओळखीचे माणूस जेथे आठवड्यातून एकदा, वार न ठरवता डोकावू शकेल ती निवडावी, मग तिच्या भिंतींचा रंग उडालेला का असेना. आणि ताई, आईला आधी ती जागा दाखवायला न्या. तिची संमती घेतल्याचे आपल्या पत्रात कोठे दिसले नाही.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना स्मृतिभ्रंश आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील ज्या केंद्रात त्यांना ठेवले आहे तेथे रात्री त्यांचे हात ओढणीने खाटेला बांधतात, असे मला गेल्या भेटीत दिसले. ‘ते उठून बाहेर जातात, पडतील, आमच्याकडे माणसे कमी आहेत,’ असे उत्तर मिळाले. हे योग्य आहे का? (एक वाचक, खेड)

उत्तर : योग्य नाही. बांधलेला माणूस सुटण्यासाठी धडपडतो आणि त्यात अधिक जखमी होतो; शिवाय अंथरुणातील जखमा, न्युमोनिया आणि स्नायूंची झीज ही सगळी संकटे वाढतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मानसिक आरोग्य आस्थापनांना लागू आहे. त्यात रुग्णाला बांधण्याची मुभा केवळ तत्काळ होणारी इजा टाळण्याचा दुसरा उपाय नसेल तेव्हाच आणि उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने आहे, त्याची नोंद करावी लागते आणि कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणावरून बांधता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. आपले केंद्र त्या कायद्याच्या कक्षेत येत असो वा नसो, वागणुकीची कसोटी हीच धरावी.

बांधणे बंद करा म्हटल्यावर झोपेचे औषध सुरू होण्याची शक्यता असते, म्हणून औषधांचा कागद दर महिन्याला स्वतः वाचा. नवीन गोळी कोणत्या डॉक्टरांनी, कोणत्या कारणासाठी दिली, हे विचारा. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये मनोविकारांवरील काही औषधांमुळे पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो; ती कधी द्यावीही लागतात, परंतु रात्रपाळीची सोय म्हणून नव्हे. सासरे रात्री का उठतात, हे कोणी पाहिले आहे का? लघवी, बद्धकोष्ठ, दुखरा गुडघा किंवा दुपारची लांबलेली झोप यांपैकी काही तरी पुष्कळदा सापडते. खाट खाली घ्यावी, दिवा ठेवावा, दाराला वाजणारी घंटी लावावी. केंद्र हे करायला तयार नसेल, तर लेखी तक्रार द्या, त्याची पोच घ्या आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत बोला. त्याच वेळी दुसरी जागा शोधायला लागावे. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत त्यांना तेथे ठेवू नये.

प्रश्न : वडिलांना केंद्रात ठेवताना मोठी अनामत रक्कम मागत आहेत. काय लिहून घ्यावे? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : अनामत कोणत्या परिस्थितीत, किती दिवसांत आणि कोणती कपात करून परत मिळेल ते आकड्यांत लिहून घ्यावे, मृत्यू झाल्यास आणि पहिल्याच महिन्यात वडिलांना घरी परत आणल्यास काय, हेही त्यातच यावे. डायपर, औषधे, फिजिओथेरपी आणि रुग्णालयात नेण्याचा खर्च मासिक शुल्कात आहे की वेगळा, ते स्पष्ट करून घ्या. भेटीला ठरावीक वारांचीच अट असेल, तर ती मान्य करू नये. घर किंवा जमीन संस्थेच्या नावे करण्याचा विषय निघाला, तर तेथेच थांबावे आणि वकिलाला विचारल्याशिवाय एकही सही करू नये. सोने घरी ठेवा. चष्मा, कानाचे यंत्र आणि दातांची कवळी यांची यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या आणि कवळीच्या डबीवर वडिलांचे नाव घाला, कारण कवळी दुसऱ्याच्या डबीत गेली की जेवण कमी होते आणि ते कशामुळे झाले हे आठवडाभर कोणाच्या लक्षातही येत नाही.