घरासमोरची बाग वाळतेय आणि 'निधी नाही' म्हणतात. उद्यानांसाठी सरकारी पैसा नक्की येतो कुठून?

तुम्ही नवी मुंबईतले, मी ठाण्यातला. आमच्या कोपऱ्यावरच्या बागेपायी दोन वर्षं चपला झिजवल्यात, त्या अनुभवावरून सांगतो.

'निधी नाही' हे अर्धंच खरं. बाग बांधायला पैसा मिळतो, तिला पाणी घालायला मिळत नाही. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा निधी असतो, पण तो टिकाऊ मत्ता उभी करण्यासाठी. म्हणून मग ओपन जिम, पेव्हर ब्लॉक आणि भली मोठी पाटी. माळ्याच्या पगाराची पाटी कोण लावणार? केंद्राच्या २०१५ च्या अमृत योजनेतही उद्यानांचा वाटा राज्याच्या आराखड्याच्या अडीच टक्क्यांपर्यंतच होता, मुख्य भर पाणी आणि मलनिःसारणावर. ते मला चुकीचंही वाटत नाही. नळ आधी, झोपाळा नंतर.

देखभाल होते महापालिकेच्या महसुली खर्चातून, म्हणजे बरीचशी आपल्याच मालमत्ता करातून. मेख तिथेच आहे. महानगरपालिका अधिनियमात रस्त्यावरचे दिवे, साफसफाई ही कामं कलम ६३ मध्ये, बंधनकारक. उद्यानं कलम ६६ मध्ये, ऐच्छिक. पैशांची ओढाताण झाली की कात्री आधी कुठे चालणार ते उघड आहे.

तरीही आमच्याकडे खरी गोष्ट वेगळीच निघाली. माहिती अधिकारात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, देखभालीचा कार्यादेश आणि ठेकेदाराची बिलं मागितली. कागदावर रोज दोन माळी. आम्ही पाहिलेला एकच, तोही आठवड्यातून तीनदा. बिलं मात्र बिनबोभाट निघत होती! मग सकाळी फिरायला येणाऱ्या आजोबांनी वहीत माळ्याची हजेरी मांडायला घेतली आणि महिन्याभरात दुसरा माळी उगवला. पाण्याचा प्रश्न शेजारच्या सोसायटीच्या एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतून, पाइप टाकून सुटला, तोही वास येतो की नाही यावर तीन बैठका झाल्यावर.

बाग नसून नुसता मोकळा भूखंड असेल, तर घाई करा. खासगी जमिनीवरचं बागेसाठीचं आरक्षण शहराची विकास योजना लागू झाल्यापासून १० वर्षांत संपादन न झाल्यास धोक्यात येतं. नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देतो आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण सुटतं. महापालिकेला रोख मोबदला परवडत नाही म्हणून टीडीआरचा, म्हणजे पैशांऐवजी मालकाला दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क देण्याचा, मार्ग असतो.

तुमच्याकडे मात्र बरीचशी जमीन मुळात सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची. त्यामुळे पहिला प्रश्न पैशाचा नाहीच, भूखंड महापालिकेकडे हस्तांतरित झालाय का, हा आहे. भूखंड क्रमांक घेऊन तेवढं विचारून या. ते कळलं की अर्ज कुणाच्या नावे करायचा ते ठरेल; मसुदा मी देतो.