‘हळू वाजव’ म्हणजे संथ की लहान आवाजात?

नागपुरातील एका शाळेच्या बँडपथकाला शिकवणाऱ्या शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. २६ जानेवारीच्या संचलनासाठी त्यांनी मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपीतील कागद दिले आणि त्यांवरील इटालियन संज्ञांखाली मराठी शब्द लिहिले. ‘पियानो’खाली ‘हळू’, ‘फोर्टे’खाली ‘जोरात’ आणि ‘स्टॅकाटो’खाली ‘तोडून’. सरावात ‘हळू’ आले तेथे आवाज लहान करण्याऐवजी साइड ड्रमवाल्या मुलांनी लयच कमी केली आणि ‘जोरात’ आले तेथे सगळे पथक धावू लागले. शब्द चुकले का, आणि चुकले असतील तर बरोबर शब्द कोणते, असे त्या विचारतात.

मुलांनी मराठी बरोबरच वाचले. ‘हळू बोल’ म्हणजे लहान आवाजात बोल आणि ‘हळू चाल’ म्हणजे संथ चाल. ‘जोरात ओरडला’ यात आवाज आहे, तर ‘जोरात पळाला’ यात वेग. एरवी घोटाळा होत नाही, कारण कोणता अर्थ घ्यायचा हे क्रियापद सांगते. ‘वाजवणे’ हे क्रियापद मात्र ते सांगू शकत नाही, कारण वाजवण्यात आवाजही असतो आणि वेगही असतो. नागपुरात मराठीच्या जोडीने कानावर पडणारी हिंदीही येथे मदतीला येत नाही. ‘धीरे बोलो’ आणि ‘धीरे चलाओ’ यांत तोच दुहेरीपणा आहे.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी की, हाच दुहेरीपणा मूळ इटालियनमध्येही आहे. ‘पियानो’ शब्द सपाट, समतल या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आणि रोजच्या बोलण्यात तो लहान आवाजासाठी चालतो तसाच संथपणासाठीही चालतो. ‘जो पियानो जातो तो सुखरूप जातो आणि लांबवर जातो’ अशी तेथील म्हणच आहे. ‘फोर्टे’ म्हणजे मुळात बळकट. पण गाडी फार जोरात हाकणाऱ्याबद्दल बोलतानाही इटालियन माणूस हाच शब्द वापरतो. म्हणजे शब्दाला शब्द म्हणून पाहिले तर ‘हळू’ आणि ‘जोरात’ ही भाषांतरे विलक्षण नेमकी आहेत, अगदी संदिग्धतेसकट. फरक इतकाच की, संगीताच्या कागदावर ‘पियानो’चा अर्थ आवाजापुरता बांधला गेला आहे. १५९७ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या जोव्हानी गाब्रिएली यांच्या एका रचनेत या दोन शब्दांनी आवाजाचे मान दाखवलेले आहे. वेगासाठी ‘लेंतो’, ‘आदाजिओ’, ‘अलेग्रो’ असे वेगळे शब्द रूढ झाले. (बँडमध्ये पियानो नसताना कागदावर तो कशाला, असे मुलांनी विचारल्याचे आपण लिहिले आहे. इ.स. १७०० च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी केलेले वाद्य लहान आणि मोठा असे दोन्ही आवाज बोटांच्या दाबावर काढू शकत असे, म्हणून त्याला ‘पियानो’ आणि ‘फोर्टे’ यांचे जोडनाव मिळाले आणि पुढे त्यातील पहिला अर्धाच उरला.)

आता पर्याय शोधताना अडचण अशी येते की, मनात प्रथम येणारे चांगले शब्द आपल्या संगीताने आधीच दुसऱ्या कामाला लावलेले आहेत. ‘कोमल’ आणि ‘तीव्र’ हे स्वरांचे प्रकार आहेत, ‘मध्यम’ हा स्वरच आहे, ‘मंद’ म्हटले की ‘मंद्र’ म्हणजे खालचे सप्तक आठवते आणि ‘चढता’ म्हटले की आरोह. म्हणून मी ‘लहान’ आणि ‘मोठा’ हे साधे शब्द सुचवतो. आपले गायक ‘आवाज लहानमोठा करणे’ असे म्हणतातच, आणि या दोन शब्दांना वेगाचा वाससुद्धा नाही. ‘मेत्सो’ या मधल्या पायरीसाठी ‘बेताचा’ चालेल: बेताचा लहान, बेताचा मोठा. ‘क्रेशेंदो’ला ‘वाढता’ म्हणावे आणि ‘दिमिनुएंदो’ला ‘ओसरता’, कारण पूर ओसरतो तसा तो आवाज एकदम न थांबता मागे सरत जातो. ‘अॅक्सेंट’साठी ‘आघात’ रूढ आहे. तो बदलू नये.

‘तोडून’ मात्र बदलावा. ‘स्टॅकाटो’चा अर्थ विलग केलेला असा आहे, त्यात स्वर आखूड होतो, पण मोठा होत नाही. ‘तोडून’ वाचल्यावर मुले तोडल्यासारखा फटका मारतात, ट्रम्पेटवर तर हे फार कानाला लागते. ‘सुटे’ हा शब्द अधिक बरा. भात सुटा होतो तेव्हा प्रत्येक शीत वेगळे असते आणि तरीही मऊ असते, तसे हे स्वर. ‘लेगाटो’ म्हणजे बांधलेले, तेथे ‘जोडून’ पुरे आहे. फुंकवाद्य वाजवणाऱ्यांना मी एवढेच जास्त सांगेन की, पहिल्या स्वराला जीभ लावावी आणि बाकीचे त्याच फुंकरीत घ्यावेत.

आपण पाठवलेल्या कागदावर आणखी एक गोष्ट दिसली. एका मुलीने स्वराच्या डोक्यावरील टिंबाजवळ पेन्सिलीने ‘तार’ असे लिहिले आहे. ती हार्मोनियम शिकत असावी, कारण हिंदुस्थानी संगीत लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत स्वरावरचे टिंब तार म्हणजे वरचे सप्तक दाखवते आणि स्वराखालचे मंद्र. पाश्चात्त्य लिपीत मात्र टिंब स्वराच्या वर असो वा खाली, तो सुटा वाजवायचा असतो. आणि तेच टिंब स्वराच्या उजवीकडे असेल तर त्याची लांबी निम्म्याने वाढते. कमानीचेही तसेच आहे: भातखंडे पद्धतीत स्वरांवरची कमान मींड सांगते, म्हणजे मधल्या श्रुतींवरून घसरत जाणे, तर आपल्या कागदावरची कमान केवळ जोडून वाजवायला सांगते. तेव्हा पहिल्या टिंबाखाली एकदा ‘सुटे’ आणि पहिल्या कमानीखाली एकदा ‘जोडून, मींड नाही’ असे लिहून द्यावे, आणि त्या मुलीला तिचे ‘तार’ कोठून आले हे वर्गासमोर समजावून सांगायला लावावे.