गाणं बाईंकडे शिकतेच आहेस, मग कॉलेज कशाला?

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गाण्याची 'मध्यमा पूर्ण' ही परीक्षा झाली, बारावीही पार पडली, आता बी.ए.ला संगीत घ्यावं का, असं विचारलं आहेस. खाली आईने दोन ओळी जोडल्या आहेत, 'पुढे पोटापाण्याचं काय?' त्याकडे शेवटी येतो. तुझा प्रश्न जास्त अवघड आहे: लहानपणापासून बाईंकडे गाणं शिकतेच आहे, मग कॉलेज तीन वर्षांत निराळं काय देणार?

गळा देणार नाही, हे आधीच सांगतो. वर्गात पंधरा-वीस जण, मुलींची पट्टी (गाण्याचा मूळ सूर) काळी चार, मुलांची काळी एक, आणि तास पाऊण तासाचा. त्यातला काही वेळ तंबोरे लावण्यातच जातो. अशा ठिकाणी कुणाचा आवाज घडत नाही. तो बाईंसमोर बसून आणि सकाळच्या खर्जाच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या, मेहनतीनेच घडायचा. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झालं, त्याच्या नावाला 'गुरुकुल' हा शब्द जोडलेला आहे तो उगाच नाही. वर्गातल्या समूहगानाने भागत नाही, हे विद्यापीठांनाही कळतं. तेव्हा कॉलेज सुरू झालं म्हणून बाईंकडचा एकही वार सोडायचा नाही. तसा विचार असेल तर प्रवेशच घेऊ नकोस.

मग कॉलेजात काय होतं? जे गातेस त्याचा हिशेब तुला द्यावा लागतो. तू भूप राग छान गातेस. बाईंनी ग वर थांबायला शिकवलं, तू थांबतेस. 'का?' असं त्यांनी कधी विचारलं नाही, तुलाही विचारावंसं वाटलं नाही, आणि त्यात काही बिघडलंही नाही. कॉलेजात दुसऱ्या वर्षी समोर देसकार येतो. तेच पाच स्वर: सा रे ग प ध, म्हणजे षड्ज, रिषभ, गंधार, पंचम, धैवत. एक स्वर इकडचा तिकडे नाही. तरी भूप संध्याकाळचा, देसकार सकाळचा. भुपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार; देसकाराचा धैवत. भुपात रिषभ ठसठशीत, देसकारात तो ओझरता. देसकार वरच्या अंगाने चालतो, पुन्हा पुन्हा धैवताकडे जातो. हे पाठ करून लिहायला दहा मिनिटं पुरतात. पण परीक्षक सांगतात, 'भुपाचे दोन आलाप घे आणि तिथूनच देसकारात जा,' तेव्हा कळतं की आपण इतकी वर्षं राग गात होतो की बाईंची नक्कल करत होतो. पुढे मारवा, पूरिया आणि सोहनी येतात. तिघांत पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम (म) तीव्र. मारवा रे आणि ध यांच्या भोवती फिरतो आणि षड्ज शक्य तितका टाळतो. पूरिया ग-नी धरून मंद्राकडे, खालच्या सप्तकाकडे, उतरतो, सोहनी तारषड्जाच्या, म्हणजे वरच्या सा च्या, आसपास चमकत राहते. हे तीन राग ज्याला एकामागोमाग गाऊन वेगळे ठेवता आले, त्याची पदवी माझ्या मते तिथेच झाली. उरलेली सत्रं हजेरीची.

यातूनच शास्त्राचा पेपर सुरू होतो. त्याला मुलं फार घाबरतात, आणि चुकीच्या कारणासाठी घाबरतात. पाठांतराचा बाऊ करतात, विचार करायचं राहून जातं. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी रागांचे दहा थाट, म्हणजे स्वरांवरून पाडलेले गट, सांगितले. त्यांत भूप कल्याण थाटात बसतो आणि देसकार बिलावलात. आता बघ, कल्याण आणि बिलावल यांत फरक आहे तो मध्यमाचा, आणि या दोन्ही रागांत मध्यमच नाही! मग ठरवलं कशावरून? चलनावरून, म्हणजे रागाच्या चालीवरून, म्हणजेच कानावरून. अहिरभैरव, मधुवंती, पटदीप घे. एकही या दहांत सरळ बसत नाही. थाटपद्धती खोटी ठरते असं मी म्हणत नाही. शेकडो रागांचा पसारा एका माणसाने हिंडून, ऐकून, बंदिशी उतरवून घेऊन आवरायला घेतला, त्याची ती सोय आहे, आणि सोयीला मर्यादा असतात. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चारही भाग भातखंड्यांनी मराठीत लिहिले, तेही गुरुशिष्याच्या प्रश्नोत्तरांत. इतर प्रांतांतली मुलं ते भाषांतरात वाचतात. तुला मूळ वाचता येतं आणि तरी तू गाईड विकत घेणार असशील तर मला कळवू नकोस.

श्रुतींचंही असंच. सप्तकातल्या बावीस श्रुती, म्हणजे सूक्ष्म स्वरांतरं, सा-म-प ला चार, रे-ध ला तीन, ग-नी ला दोन अशा वाटल्या जातात, हे तुला पुढच्या विशारद परीक्षेतही लिहावं लागेल. कॉलेजात पुढचा प्रश्न विचारतात: स्वर त्याच्या शेवटच्या श्रुतीवर उभा करायचा की पहिल्या? जुन्या ग्रंथकारांनी शेवटच्या श्रुतीवर ठेवला, भातखंड्यांनी पहिल्या. एवढ्या एका बदलाने शुद्ध सप्तक पालटतं. जुन्या मांडणीतून आपल्या काफीच्या जवळचं सप्तक निघतं, नव्या मांडणीतून बिलावल. कागदावर बावीस रेघा मार आणि मोजून बघ, अर्ध्या तासाचं काम आहे. हे एकदा स्वतः मोजलं की 'प्राचीन काळापासून आपलं संगीत जसंच्या तसं आहे' असं कुणी व्यासपीठावरून म्हणालं तर तू मान डोलावणार नाहीस.

ग्रंथ म्हटले की 'संगीत रत्नाकर' येणारच. लिहिला तेराव्या शतकात, शार्ङ्गदेवाने, देवगिरीच्या यादवांच्या पदरी असताना. देवगिरी म्हणजे आपला दौलताबादचा किल्ला. त्याचे सात अध्याय परीक्षेत नुसते ओळीने लिहायला लावतात, हा अभ्यासक्रमाचा करंटेपणा आहे. तिसऱ्या, प्रकीर्णक अध्यायात त्याने गायकांचे दोष दिले आहेत ते जरूर वाच. दातांवर दात दाबून गाणारा, भीत भीत गाणारा, तोंड भयंकर वासणारा, कावळ्यासारखा गाणारा, डोळे मिटून गाणारा, नाकात गाणारा. कुठल्याही स्पर्धेला जाऊन बस, सगळे भेटतील. आठशे वर्षांत दोष तेवढे टिकून राहिले.

तालाचा भाग तुझा कच्चा आहे, हे तुझ्या मागच्या रेकॉर्डिंगवरून दिसतं. तबलजी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दाखवतो म्हणून तू समेवर येतेस. गाणाऱ्या बहुतेक मुलींचं हे असंच असतं, आणि वर्षानुवर्षं खपून जातं. कॉलेजात खपत नाही. हाताने टाळी-खाली देत ठेका म्हणावा लागतो, मग दुगुण, तिगुण, चौगुण, म्हणजे तोच ठेका दुप्पट, तिप्पट, चौपट वेगात. झपताल घे. दहा मात्रा. दुगुण एकदाच म्हणून समेवर यायचं तर पाच मात्रा गेल्यावर, म्हणजे सहाव्या मात्रेपासून उचलायची. हे सोपं. तिगुण मात्र सहा पूर्णांक दोन तृतीयांश मात्रा गेल्यावर सुरू होते. कागदावर हा अपूर्णांकांचा छळ वाटतो. पण हाताने टाळी देत महिनाभर म्हटलीस तर सातव्या मात्रेच्या पोटातली ती जागा अंगात बसते, आणि मग तिहाई (एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येणं) घेताना तबलजीच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. जमलं तर पहिल्या वर्षी तबला दुय्यम विषय म्हणून घे. हात बसला नाही तरी चालेल, बोल तोंडात बसले पाहिजेत.

तंबोरा. हे मी लांबवणार आहे, कारण हल्ली मुलं फोनवर तंबोरा लावतात आणि झालं म्हणतात. घरच्या रियाजाला चालेल. पण कॉलेजात मिरजेचे चांगले तंबोरे कोपऱ्यात गवसणीत उभे असतात आणि त्यांना कुणी हात लावत नाही. तू लाव. खुंटी पिळून तार चढव, मणी सरकवून सूर नेमका कर, घोडीवर तारेखाली दोरा हलवत जवारी (तारेचा घुमणारा झणत्कार) उघड. पंचम नसलेल्या मारव्याला पहिली तार नी ला लाव, मालकंसाला म ला. जवारी नीट उघडली की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतात तो. तोच ध्वनिशास्त्राच्या तासाला मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा उपस्वर म्हणून फळ्यावर येईल. त्याच तासाला कळेल की पेटीचा (हार्मोनियमचा) गंधार या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. ऐकायला क्षुल्लक, पण कान तयार झाल्यावर टोचतो. पेटीवर सूर धरून वाढलेल्या मुलांचा यमन थोडा कर्कश का लागतो, याचं एक कारण इथे आहे. रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली ती तीसेक वर्षं टिकली. बंदीमागची कारणं सगळीच सांगीतिक नव्हती. ती कोणती, हे इतिहासाच्या पेपरासाठी स्वतः शोधून काढ. मला पेटीचं वावडं नाही. पण पेटी बंद ठेवून गाता आलं पाहिजे.

घराण्यांबद्दल तू विचारलं नाहीस, तरी तिथेच तुझी पंचाईत होणार आहे. बाई ग्वाल्हेर घराण्याच्या. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती गायकी आपल्याकडे आणली, त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि तू आजवर दिलेल्या परीक्षा त्याच झाडाच्या आहेत. कॉलेजात तुला शिकवणारे कदाचित किराण्याचे असतील, कदाचित जयपूरचे. बिहागातला तीव्र मध्यम किती दाखवायचा यावर तिथे तुला टोकतील, आणि बाईंकडे गेलीस की बाई टोकतील. दोघांपैकी कुणाशी वाद घालू नकोस. बाईंसमोर बाईंचा बिहाग गा. वर्गात शिक्षकांचा शीक, वहीत दोन्ही चलनं स्वरलिपीत लिहून ठेव आणि कुठलं कुणाकडून आलं ते नावानिशी नोंद. दोन्हींची सरमिसळ करून स्वतःचा तिसरा बिहाग मात्र इतक्यात काढू नकोस.

स्वरलिपी म्हटल्यावर आठवलं. तुला वाचता येते, ऐकून लिहिता येत नाही. शिक्षक एक तान घेतात, तू लिहायची. हा तास मुलांना कंटाळवाणा वाटतो आणि तिथेच खरी कमाई असते. केसरबाई केरकरांची किंवा मोगूबाई कुर्डीकरांची जुनी तीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका घे आणि फक्त मुखडा उतरव. आठवडा जाईल. कण (स्वराला दिलेला ओझरता स्पर्श), मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), स्वर सोडताना आवाजाचं हलकं होणं, यातलं काय कागदावर येतं आणि काय येत नाही ते त्या आठवड्यात कळेल.

वाईट बाजूही ऐक. अभ्यासक्रमात रागांची यादी लांबलचक असते. प्रत्येक सत्रात नवे राग, नव्या बंदिशी. सगळं घासून पुसून व्हावं असा अट्टहास धरलास तर एकही राग हाताला लागणार नाही. दर वर्षी दोन राग निवड, तेवढेच मुरव. बाकीचे परीक्षेपुरते, चलन आणि छोटा ख्याल येण्याइतके. गुण थोडे कमी पडतील, पडू देत. काही कॉलेजांत शास्त्र शिकवणारा गात नाही आणि गाणारा शास्त्राला नाक मुरडतो. अशा ठिकाणी ग्रंथालयाचा आणि जुन्या ध्वनिमुद्रणांचा साठा कसा आहे ते आधी बघून ये. तो चांगला असेल तर बाकीचं निभावून नेता येतं.

आता आईचा प्रश्न. त्यांना सांग की नुसत्या बी.ए.वर मैफली मिळत नाहीत, नोकरीही आपोआप येत नाही. पण काही दारं पदवीशिवाय उघडत नाहीत. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि त्यावर सहसा नेट किंवा सेट (अध्यापनाची पात्रता परीक्षा) लागते, आणि एम.ए.ला जायचं तर आधी पदवी. शाळेत शिकवायचं तर पदवीबरोबर शिक्षणशास्त्राचं काय मागतात ते त्या त्या जाहिरातीत बघावं लागतं. विशारद पदवीसमान धरतात का, याला प्रत्येक ठिकाणी वेगळं उत्तर मिळतं. अर्ज करण्याआधी लेखी विचारून घ्यायचं, ऐकीव माहितीवर जायचं नाही. आकाशवाणीची ऑडिशन पदवी विचारत नाही, गाणं विचारते. 'बी' ग्रेड मिळाली तरी सुरुवातीला पुष्कळ झालं. याशिवाय ध्वनिमुद्रण, संग्रह, संगीतावर लिहिणं, शिकवण्या. गावाकडे नीट शिकवणारी शिक्षिका हवीच असते, आणि तुमच्या तालुक्यात तर बाईंनंतर कुणी नाही. घर चालेल, पण पहिली काही वर्षं ओढाताण होईल. ती सोसायची तयारी आईची आहे का, हे त्यांनाच ठरवू दे. तू त्यांच्याशी भांडू नकोस.

प्रवेशाच्या चाचणीत यमन सगळेच गातात. तू बागेश्री गा, बडा ख्याल एकतालात आणि द्रुत तीनतालात, एवढा तुझा तयार आहे. ताना कमी घे. एखादा ताल हातावर म्हणायला सांगतील, तेव्हा झपतालाची दुगुण या आठवड्यातच सुरू कर. अर्ज भरण्यापूर्वी बाईंना जाऊन विचार. फोनवर नको, समोर बसून. त्यांचं मन थोडं दुखेल, कॉलेजातली गाणी त्यांना फारशी रुचत नाहीत हे मला ठाऊक आहे. त्या काय म्हणाल्या ते मला कळव. कुठल्या कॉलेजात शिकवायला कोण आहे, हे त्यानंतर आपण बोलू.

तुझा,
काका