थर्मल पेस्ट: कोणती, किती आणि कधी बदलायची

प्रश्न: दुकानदाराने दोन ट्यूब दाखवल्या. एकीवर ८.५ आकडा, दुसरीवर १२.५. दुसरी दुपटीहून महाग. माझा प्रोसेसर रायझन ५ ५६०० आहे. महागाची घेऊ का?

नका घेऊ. तो आकडा उष्णता वाहून नेण्याच्या क्षमतेचा, आणि तो कंपनीनेच मोजलेला असतो. प्रत्येकाची मोजायची पद्धत निराळी. तांब्याचा हाच आकडा ४०० च्या आसपास, हवेचा जेमतेम ०.०२६. प्रोसेसरचं झाकण आणि त्यावर बसणाऱ्या कूलरचा (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या जोडणीचा) तळ आरशासारखे सपाट दिसले, तरी दोन्हींवर बारीक ओरखडे असतात आणि त्यांत हवा अडकते. पेस्टने ती हवा हुसकावायची, एवढंच तिचं काम. साधी पेस्टसुद्धा हवेच्या शंभरपटीहून जास्त उष्णता वाहून नेते. ६५ वॅटच्या प्रोसेसरवर या दोन ट्यूबमध्ये फार तर दोन-तीन अंशांचा फरक पडेल. वाचलेले पैसे कूलरमध्ये घाला.

लिक्विड मेटलच्या, म्हणजे पेस्टऐवजी लावायच्या द्रव धातूच्या, वाटेला तर जाऊच नका. त्यातून वीज वाहते, आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं.

प्रश्न: नेमकी किती लावायची? कुणी म्हणतं तांदळाएवढी, कुणी म्हणतं पूर्ण पसरवून.

मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढा थेंब. पण त्याआधी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसा, ९९ टक्क्यांचं मिळालं तर उत्तम. कूलर नवा असेल तर तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढलीत ना, हे बघा. ती तशीच राहिलेले पीसी मी स्वतः उघडले आहेत. ट्यूब बरेच दिवस पडून असेल तर तोंडाशी तेल सुटतं, म्हणून पहिला थेंब कागदावर टाकून द्या.

थेंब बोटाने पसरवू नका, हवेचे बुडबुडे अडकतात. कूलर सरळ वरून टेकवा. मग समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, दोन-दोन फेरे असे आवळत जा. एकच स्क्रू आधी पक्का केला तर कूलर कलतो आणि पेस्ट एका बाजूला पळते. माझ्या मते ब्रँडपेक्षा या आवळण्यावरच जास्त अवलंबून आहे. शंका असेल तर कूलर एकदा काढून बघा. पातळ राखाडी थराखालून झाकणाचा धातू अंधुक दिसला की बरोबर जमलं. मात्र नंतर दोन्ही बाजू पुसून नवी पेस्ट लावायची. जुन्यावरच पुन्हा कूलर बसवू नका.

इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर लांबट असतात. तिथे थेंबाऐवजी लांबीच्या दिशेने छोटी रेघ ओढा.

प्रश्न: कूलर ओढला तर एएम४ चा (पिना प्रोसेसरलाच असतात तो प्रकार) प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून, म्हणजे बसायच्या खाचेतून, उपटून आला! पिना वाकल्यात. आता?

घाबरू नका, बहुतेकदा पिना सरळ करता येतात. शिसं बदलता येणारी मेकॅनिकल पेन्सिल घ्या, शिसं काढा, तिचं पोकळ टोक पिनेवर चढवा आणि शेजारच्या रांगेशी जुळेपर्यंत अगदी हळू उभी करा. एका झटक्यात नको. पीन तुटली तर घरी इलाज नाही. पुढच्या वेळी कूलर काढण्याआधी पीसी दहा-पंधरा मिनिटं लोडवर (गेमसारखं जड काम देऊन) चालवा, म्हणजे पेस्ट मऊ पडेल. मग बंद करून, प्लग काढून, कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ वर ओढू नका.

प्रश्न: मी नागपूरचा. डिसेंबरमध्ये गेम खेळताना ७२ अंश दिसायचं, मेमध्ये ८८. पेस्ट वाळली का?

खोलीचं तापमान दोन्ही वेळा काय होतं, ते बघा. डिसेंबरात खोली २२ वर आणि मेमध्ये ३८ वर असेल, तर दोन्ही वेळा खोली आणि प्रोसेसर यांतला फरक ५० अंशांचाच. म्हणजे पेस्ट ठणठणीत आहे. कोणतीही पेस्ट प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. हा फरकच वाढत चालला, तर आधी फिल्टर आणि कूलरच्या पात्यांमधली धूळ काढा. तरीही वाढला तर पेस्ट बदला.

प्रश्न: पेस्ट संपली आहे. तात्पुरती टूथपेस्ट चालेल?

नाही. त्यातलं पाणी उडून जातं आणि मागे कोरडा चुना उरतो. नवी ट्यूब येईपर्यंत पीसी बंद ठेवा.

प्रश्न: लॅपटॉपलाही हेच लागू?

थोडा फरक आहे. तिथे झाकण नसतं, चिप उघडी असते, म्हणून पेस्टने तिचा कोपरान्‌कोपरा झाकला गेला पाहिजे. शेजारच्या मेमरीवरचे मऊ पॅड काढून तिथे पेस्ट लावू नका. पॅड एक-दोन मिलिमीटरची फट भरतो, ती पेस्टने भरत नाही. पॅड फाटलाच तर त्याच जाडीचा आणा.