एअरहार्ट बसवायचे का? ब्रेकविषयी वाचकांचे प्रश्न

1939 च्या फोर्डची हॉट रॉड (बदल करून जोरदार बनवलेली जुनी गाडी) केली आहे. इंजिन बदललं, ब्रेक मूळचे ड्रमच आहेत. आतेभावाने अमेरिकेतून 1960 च्या दशकातले एअरहार्ट कंपनीचे रेसिंग कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड आवळणारा भाग) आणि डिस्क पाठवलेत. पुढच्या चाकांना लावून गाडी रोज चालवता येईल का? (रामबाग, इंदूर)

लावता येतील. पण रोज चालवायच्या गाडीला मी लावणार नाही. माल वाईट नाही, त्याचं काम वेगळं आहे. ड्रॅगच्या (छोट्या सरळ शर्यतीच्या) पट्टीवर हलकी गाडी एकदाच करकचून थांबवायची, पुढच्या फेरीपर्यंत डिस्क गार. तुम्हाला राजवाड्यापासून पलासियापर्यंत पाय ब्रेकवरच ठेवावा लागतो.

हिशेबच करा. 1200 किलोची गाडी ताशी 80 किलोमीटरवरून थांबवली की सुमारे 3 लाख ज्यूल उष्णता तयार होते. त्यातली 70 टक्के पुढच्या दोन डिस्कवर जाते असं धरा. रेसिंगची पातळ डिस्क 3 किलोची असेल, तर एवढ्याने ती साधारण 75 अंशांनी तापते. मानपूरच्या घाटात उतरताना अशी तीन-चार ब्रेकिंग लागोपाठ झाली, की गार व्हायला सवडच मिळत नाही. डॉट 3 ब्रेक ऑइल ताजं असताना 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेलं असेल तर मर्यादा 140 वर येते. मग वाफ होते, पेडल पोकळ लागतं आणि गाडी पुढे जातच राहते.

तरी लावणारच असाल (आणि हॉट रॉडवाल्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे), तर आधी कॅलिपर पूर्ण उघडा. बोअरमध्ये (पिस्टनच्या नळीत) गंज किंवा खड्डे दिसले तर ते शोकेसमध्ये ठेवा. बॉडीला डाय-पेनिट्रंट मारून बारीक तडे तपासा. इंजिन बांधणाऱ्या चांगल्या वर्कशॉपमध्ये हे होतं. रबरच्या बाबतीत फसायची शक्यता सर्वात जास्त. सियागंजात मापाला बसणारी ओ-रिंग कोणीही काढून देईल, पण ती बहुधा नाइट्राइल रबरची असेल. ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलमध्ये (डॉट 3, डॉट 4) नाइट्राइल फुगतं आणि पिस्टन अडकतो. ईपीडीएम रबर मागा, लेखी बिल घ्या. पॅड जुने रेसिंगचे वापरू नका. ते गरम झाल्याशिवाय पकडत नाहीत आणि सकाळी पहिल्याच सिग्नलला ते कळतं. बऱ्याच रेसिंग कॅलिपरना पिस्टनवर धूळ अडवणारं रबर नसतं. आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल पाहता दर काही आठवड्यांनी चाक काढून साफसफाई करावी लागेल. तेवढी हौस असेल तर रविवारच्या फेरीसाठी हरकत नाही. एरवी आधुनिक रोड कॅलिपर आणि हवेशीर डिस्क लावा आणि एअरहार्ट गॅरेजच्या भिंतीवर दिमाखात टांगा.

जीपला पुढे डिस्क बसवले. एअर तीनदा काढली तरी पेडल दगडासारखं कडक आणि गाडी थांबत नाही. मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलवर देणारा) 1 इंची आहे. (दांडिया बाजार, बडोदे)

एअर नाही, गणित चुकलंय. ड्रमचे ब्रेक-शू फिरत्या ड्रममुळे स्वतःच आणखी आवळले जातात; डिस्कच्या पॅडला ही फुकटची मदत नाही, म्हणून दाब जास्त लागतो. पायाचा जोर 35 किलो आणि पेडलचं गुणोत्तर (तरफेने जोर जितक्या पट होतो ते) 6 धरलं, तर सिलिंडरवर 210 किलो जातात. 1 इंची बोअरमध्ये त्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण 41 किलो, सात-अष्टमांश इंची बोअरमध्ये 54. बोअर एवढासा लहान केला तर दाब जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढतो. बदल्यात पेडल जास्त खाली जाईल. म्हणून कॅलिपरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ मोजल्याशिवाय सिलिंडर घेऊ नका. पेडलचं गुणोत्तरही मोजा. खूप गाड्यांत ते 4 च्या आसपास निघतं आणि मग पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरशिवाय गत्यंतर नसतं.

आणखी एक. मास्टर सिलिंडर ड्रमचा असेल तर त्याच्या आउटलेटमध्ये सुमारे 10 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब राखणारा व्हॉल्व्ह असू शकतो. डिस्कच्या लाइनवर तो काढाच, नाहीतर पॅड सतत घासत राहतील. सिलिंडर फरशीखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असेल, तर 2 पीएसआयचा व्हॉल्व्ह लावा, म्हणजे ऑइल मागे उतरणार नाही.

मागेही रेसिंगचे डिस्क लावले तर गाडी दिसायला भारी होईल ना? (लष्कर, ग्वाल्हेर)

दिसेल. पण हँडब्रेक कुठून आणणार? या कॅलिपरना तो नसतो आणि तो कायद्यानेही लागतो. मागचे ड्रम राहू द्या, हँडब्रेक शाबूत राहील. मागची चाकं पुढच्यांआधी लॉक होत असतील तर मागच्या लाइनवर दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाका. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडकली की गाडी गर्रकन फिरते. ड्रमला कमी लेखण्याचं कारण नाही. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांच्या ड्यूसेनबर्ग एसजे या आलिशान गाडीलाही ड्रमच होते, हायड्रॉलिक. डिस्कचा दबदबा त्यानंतरचा: 1953 मध्ये जॅग्वार सी-टाइपने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर ल मांची शर्यत जिंकली, त्यानंतर.

माझ्याही हॉट रॉडची बॉडी कापली, इंजिन बदललं, आता ब्रेक बदलतोय. आरटीओची काही अडचण? (स्नेहनगर, इंदूर)

ब्रेकपेक्षा तुमच्या कापलेल्या बॉडीची आणि बदललेल्या इंजिनाची जास्त. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे लावलं. 2021 च्या नियमांतली नोंदणी क्रमांकांची 'व्हीए' मालिका 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहे. हॉट रॉड त्यात बसत नाही. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

ब्रेक ऑइल डॉट 5 घ्यावं का? सांडलं तरी गाडीचा रंग खराब होत नाही म्हणतात.

होत नाही, कारण ते सिलिकॉनचं आहे. पण त्यात हवा अडकली तर सहज सुटत नाही आणि पेडल स्पंजी लागतं. शिवाय ते ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये मिसळायचं नाही. नवी लाइन असली तरी मी डॉट 4 भरतो आणि दर दोन वर्षांनी बदलतो. दुकानात 5.1 आणि 5 यांत गल्लत करू नका, 5.1 ग्लायकॉलचंच आहे. डब्यावरचा शेवटचा आकडा वाचूनच पैसे द्या.